टिटवी आणि रेडी

ढोबळे बाईंचं आडनाव आणि त्यांचा स्वभाव यांचं आयुष्यभर पटलं नाही. ढोबळ काहीही त्यांना चालायचं नाही. जुन्नरच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, "साधारण अकराला मीटिंग आहे," की बाई चष्मा वर सरकवून विचारायच्या, "साधारण म्हणजे मी कधी येऊ?" मुलींनी काढलेल्या चित्रातल्या घराला पायऱ्या असल्या, की बाईंची पेन्सिल त्या पायऱ्यांवर थांबायची. "हा माणूस आणि ही पायरी. चढेल का तो? गुडघा छातीला लागेल त्याचा." मुली खुदखुदायच्या. बाई हसायच्या नाहीत. त्यांना खरंच त्या माणसाच्या गुडघ्याची काळजी वाटत असायची.

उंच, किडकिडीत बांधा, इस्त्रीची सुती साडी आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. लग्न केलेलं नव्हतं. का, हे कुणी विचारलं नसेल असं नाही, पण उत्तर मिळालेलं माणूस काही मला भेटलं नाही. बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मी नोकरीला लागले ती नव्वद सालानंतर, आणि त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, कारण बाई सहसा कुणाला घरी बोलावत नसत.

आत गेले आणि भिंतीकडे बघतच राहिले. देवाची तसबीर नाही, कॅलेंडर नाही. एकाच रेल्वे इंजिनाची चित्रं. समोरून, बाजूनं, वरून. लहानसं, चार चाकांचं, बुटकं इंजिन होतं. बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या, वर उंच चिमणी आणि मागे ड्रायव्हरला उभं राहण्यापुरतं छप्पर.

"ही टिटवी," बाई म्हणाल्या. घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तशा.

त्यांचे वडील नगरकडच्या एका साखर कारखान्यात इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होते. कारखान्याच्या मळ्यांतून ऊस आणायला अरुंद रुळांची गाडी होती, आणि ती ओढायला अशी बारकी वाफेची इंजिनं. त्यातल्या एकाची शिट्टी बारीक आणि चिरकी, म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं टिटवी. आई लवकर गेलेली. इंदू, म्हणजे आमच्या बाई, वडिलांचा डबा घेऊन शेडमध्ये जायची आणि दुपारभर तिथंच असायची. उन्हाळ्यात इंजिनं बंद असत, तेव्हा टिटवीच्या कोळशाच्या पेटीत बसून अभ्यास करायची. पुढे ट्रॅक्टर आले, ट्रक आले. रूळ उखडले. इंजिनं भंगारात गेली. टिटवी गॅस कटरनं कापत होते तेव्हा वडील तिथं उभे होते. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, जेवले, आणि त्यानंतर शेडच्या रस्त्यानं ते कधी गेले नाहीत.

टिटवीचा म्हणून एकही फोटो नव्हता. कामगारांचा एक ग्रूप फोटो होता, त्यात माणसांच्या डोक्यांमागून चिमणी आणि अर्धी टाकी दिसत होती. बाकी सगळं बाईंनी आठवणीतून काढलेलं.

पुण्यातल्या एका भाच्याकडून त्यांना परदेशी मासिकाचे अंक यायचे. हौशी लोक घरात छोटी रेल्वे मांडतात, त्यांचं ते मासिक. त्यात दरवर्षी वाचकांना विचारायचे, की कुठल्या इंजिनाचं मॉडेल कंपन्यांनी काढावं असं तुम्हाला वाटतं? बाई दरवर्षी एअरमेलनं मत पाठवायच्या. सोबत टिटवीचं चित्र. निवडून यायची ती मोठमोठी, नावाजलेली, राजेशाही इंजिनं. निकालाचा अंक आला, की बाई स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणायच्या, "यंदाही नाही."

मी एकदा म्हटलं, "बाई, एका मतानं कोण काढणार?"

"नाही काढणार," त्या म्हणाल्या. "पण मत नाही दिलं तर ती होती हेसुद्धा कुणाला कळणार नाही."

शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच करायची. कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची, पितळेची, आणि खरोखर वाफेवर चालणारी. पत्रा कापणं, वाकवणं, झाळणं त्या शिकल्या. चाकं आणि सिलिंडर मात्र लेथवर कातून घ्यायला हवे होते, आणि जुन्नरमध्ये ते करायला कुणी तयार होईना. माझं माहेर कळंबचं. आमच्या घराशेजारी, पुणे-नाशिक रस्त्याला लागून भास्करदादा निघोटांची शेड होती. पंप, ऑईल इंजिनं, रसवंतीचे चरक, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. एका रविवारी मी बाईंना तिथं घेऊन गेले.

भास्करदादा म्हणजे बाईंच्या अगदी उलटा माणूस. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, शर्टाची वरची बटणं कायम उघडी. मोजमापापेक्षा अंगठ्यावर विश्वास. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा राजेंद्र आणि सून सुनीता यांच्यात राहायचे. त्यांनी बाईंचा कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला.

"बाई, ह्ये घड्याळवाल्याचं काम हाय. आमाला न्हाई जमायचं."

"बरं," म्हणून बाई कागदाची घडी घालायला लागल्या. तेवढ्यात दादांची नजर चिमणीवर गेली.

"थांबा, थांबा. ह्ये इंजान कुठलं? आमच्या धरनावर असंच व्हतं की. पर ह्याच्यापेक्षा जब्बर."

दादांचे वडील धरणाच्या कामावर मजूर होते. दगडाच्या खाणीपासून धरणापर्यंत अरुंद रूळ होते, आणि त्यावर दगडाच्या वॅगनी ओढणारं एक काळं, हट्टी इंजिन. मनाला आलं की चढावर बसायचं. लोक त्याला 'रेडी' म्हणायचे. दादांचं बालपण तिच्या धुरात गेलेलं.

"रेडीपुढं तुमची ही चिमणी काय टिकायची न्हाई," दादा म्हणाले.

"टिटवी," बाई म्हणाल्या. "चिमणी तिच्या डोक्यावर आहे ती."

दादा खो खो हसले, आणि ठरलं. आधी टिटवी, मग रेडी.

त्यानंतर दर रविवारी बाई एसटीनं कळंबला जायला लागल्या. मी माहेरी आले की शेडमध्ये डोकावायची. दोघांचं भांडण रस्त्यावरून ऐकू यायचं. "बाई, केसाएवढा फरक हाय, राहू द्या की!" "केस चाकात अडकतो, भास्करराव." दादा चाक फेकून द्यायचे, बाहेर जाऊन तंबाखू मळायचे आणि परत येऊन नवं कातायला घ्यायचे. सुनीता चहा आणायची. तिला बाईंची भारी मजा वाटायची. सासऱ्यांना ती अण्णा म्हणायची. मला म्हणाली होती, "ताई, आमच्या घरात अण्णांना गप कर म्हनायची कुनाची छाती न्हाई. ह्या बाई पेन्सिल वर करत्यात आन अण्णा गप व्हत्यात."

टिटवी पुरी व्हायला काही वर्षं गेली. ती चालली तो दिवस मला लख्ख आठवतो. शेडच्या भिंतीकडेनं लाकडी पट्ट्यांवर रूळ टाकले होते, सरळ, वळण नसलेले. बाईंनी स्पिरिटचा दिवा पेटवला. पाणी तापायला लागलं. दादा इतके अस्वस्थ, की गिऱ्हाईकाला म्हणाले, "तुझा पंप उद्या ने, आज घरात कार्य हाय." मग बारीक, चिरकी शिट्टी वाजली. बाईंनी डोळे मिटले. टिटवी थरथरली, फुसफुसली आणि निघाली.

रूळ संपतात तिथं तिला थांबवायचं कसं, याचा विचार त्या दोन हुशार माणसांपैकी एकानंही केला नव्हता. दादा ओरडले, "आरं धरा, धरा!" आणि बाई, त्या इस्त्रीच्या साडीतल्या बाई, धावल्या आणि पुढं जमिनीवर बसून त्यांनी ते तापलेलं इंजिन पदरात झेललं. पदर जळाला, मनगट भाजलं. दादा पाण्याची बादली घेऊन आले तर बाई हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. दादांनी त्यांचा हात धरून बादलीत बुडवला, आणि पाणी कोमट होईपर्यंत दोघांपैकी कुणी हात काढला नाही.

त्या वर्षी मासिकाकडे टिटवीची दोन मतं गेली. दुसऱ्या मतावर दादांची मराठीतली सही होती. बाईंनी मला सांगितलं, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

मग रेडीची पाळी आली, आणि तिथं सगळंच अडलं. रेडीचा अर्धा फोटोसुद्धा नव्हता. ती होती फक्त दादांच्या डोक्यात. बाई कागद घेऊन बसायच्या, दादा हवेत हात फिरवायचे. "चिमनी अशी. न्हाई, एवढी न्हाई. जरा फुगीर. पोटुशी बाई असती ना, तशी." बाई काढायच्या. पुढच्या रविवारी दादा म्हणायचे, "छ्या, ही न्हवं." बॉयलरवर कधी घुमट एक असायचा, कधी दोन. बाई वैतागायच्या. "भास्करराव, इंजिन एकच होतं ना? मग दर आठवड्याला वेगळं कसं आठवतं?"

"तवा काय म्या मोजत व्हतो का, बाई? तवा म्या तिच्यामागं पळत व्हतो."

मला वाटतं, रेडी लवकर होऊच नये असं दोघांनाही वाटत असावं. पण हे माझं वाटणं. त्यांनी दोघांनी यातलं काही कधी बोलून दाखवलं नाही.

लोक मात्र बोलत होते. कळंबसारख्या गावात पन्नाशी ओलांडलेली एक अविवाहित बाई दर रविवारी एका विधुराच्या शेडमध्ये येते, म्हटल्यावर इंजिन कुणाला दिसणार? माझ्या आईनंसुद्धा एकदा आडून विचारलं, "तुझ्या त्या बाई पगारदार हायेत ना? मग लोखंडात हात काळं कशाला करत्यात?"

आणि एका सकाळी दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. तो गडगडाटी आवाज एका दिवसात बंद झाला. रेडी ज्याच्या डोक्यात होती, त्या माणसाला आता शब्द नव्हते.

बाईंनी रविवार चुकवला नाही. दादा शेडबाहेर बाजेवर पडलेले असायचे. बाई स्टूल घेऊन शेजारी बसायच्या आणि चित्रं दाखवायच्या. एका कागदावर एकच चिमणी, दुसऱ्यावर दुसरी. दादा डाव्या हातानं कागद ढकलायचे, म्हणजे 'नाही'. बाई पुढचा कागद धरायच्या. एका रविवारी मी तिथं होते. बाईंनी एक चित्र धरलं आणि दादा त्याच्याकडे बघत राहिले. ओठ वाकडे झाले, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"हीच," बाई म्हणाल्या. "हीच ना, भास्करराव? सापडली."

परत येताना एसटीत त्यांनी तो कागद छातीशी धरला होता.

पुढच्या खेपेला सुनीतानं त्यांना मोरीपाशी बाजूला घेतलं. मी तिथंच भांडी विसळू लागत होते. सुनीता मनानं चांगली. तिला सांगवत नव्हतं आणि न सांगताही राहवत नव्हतं.

"बाई, त्ये इंजान बघून रडले न्हवते ओ. आता समद्यालाच रडत्यात. च्या दिला तरी रडत्यात. डाक्टर म्हनले, ह्या आजारात असं व्हतं."

बाई जाऊन पुन्हा स्टुलावर बसल्या आणि पुढचा कागद काढला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी राजेंद्र शाळेत आला. स्टाफरूमच्या दारात उभा राहिला, आत येईना. बाई बाहेर गेल्या, त्यांच्यामागे मीही गेले. तो वाईट माणूस नव्हता. मान खाली घालूनच बोलला.

"बाई, राग मानू नका. पर आता अण्णा असे. भावकी बोलती. पोरगी लग्नाची हाय. तुमी... जरा येनं बंद केलं तर बरं."

"त्यांनी सांगितलंय का तसं?" बाईंनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांच्याच लक्षात आलं असावं, की ते आता काहीच सांगू शकत नाहीत. "बरं," म्हणून त्या वर्गावर गेल्या. त्या तासाला मुलींनी काय काढलं, कुणाची पायरी उंच होती, कुणाची नव्हती, बाईंनी पाहिलं नाही.

त्या कळंबला गेल्या नाहीत. रविवारी दुपारी मी कधी त्यांच्याकडे गेले, तर त्या साडी नेसून, पर्स शेजारी ठेवून नुसत्या खुर्चीत बसलेल्या असायच्या.

दादा गेल्याचा फोन आईनं मला केला. बाईंना मीच सांगितलं. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कुणी होतं का जवळ?" मी म्हटलं, सगळे होते. "सगळे म्हणजे?" असं एरवी त्यांनी विचारलं असतं. त्या दिवशी नाही विचारलं.

दशक्रियेला आम्ही दोघी गेलो. बाई बायकांच्या घोळक्यात सगळ्यात मागे बसल्या. विधी आटोपल्यावर राजेंद्र एक लाकडी खोकं घेऊन आला. रेडीची कातलेली चाकं, सिलिंडर, अर्धवट चौकट.

"ह्ये तुमचं हाय, बाई."

बाईंनी खोकं घेतलं. राजेंद्र तसाच उभा राहिला. मुंडण केलेलं डोकं, पोरासारखा दिसत होता.

"अण्णा रविवारी रस्त्याकडं तोंड करून पडायचे," तो म्हणाला. "एसटी थांबली की मान उचलायचे. आत न्यायला गेलं की हात झटकायचे. आमाला वाटायचं, गाड्या बघत्यात..."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागाचा एक शब्द त्या बोलल्या नाहीत. मला मात्र वाटत होतं, त्यांनी बोलावं.

रेडी त्यांनी पुरी केली. निवृत्तीच्या आधीचं ते वर्ष असावं. मला बोलावून दाखवली. काळी, रुंद, फुगीर चिमणीची. मी म्हटलं, "बाई, फार सुंदर झालीय."

"सुंदर नको सांगू मला," त्या एकदम ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या. "बरोबर आहे का? ते कुणाला विचारू मी आता? कुणाला विचारू?" आणि टेबलावर डोकं ठेवून त्या रडल्या. दादा गेल्यानंतर त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

वाट दाखवली सुनीतानं. दादांची एक मावशी निरगुडसरला होती, रखमाबाई. तीही तरुणपणी त्याच धरणावर पाट्या वाहायला होती. एका सकाळी आम्ही दोघी रेडीला जुन्या चादरीत गुंडाळून निरगुडसरला गेलो. मावशी ओट्यावर लसूण सोलत होती. बाईंनी तिच्यासमोर रेडी ठेवली आणि चादर काढली.

"मावशी, ही ओळखता का? धरणावरची?"

मावशीनं डोळे बारीक केले. चिमणीवरून हात फिरवला. चाकं चाचपली.

"आसंल बया," मावशी म्हणाली. "लई धूर व्हता. डोक्यावर पाटी, पदर तोंडावर. कोन बघतंय इंजनाकडं." मग बाईंचा चेहरा बघून तिला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "ठिव हितं. येता-जाता बघंन म्या. आठावलं तर सांगते."

बाईंनी रेडी तिथं ठेवली. जी वस्तू त्या मला झाडायलाही द्यायच्या नाहीत, ती त्यांनी त्या ओट्यावर, लसणाच्या टरफलांत ठेवली.

निघताना मावशीनं विचारलं, "तू भास्करची कोन गं?"

"आम्ही बरोबर काम करायचो," बाई म्हणाल्या.

मावशी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "बरं," म्हणाली, आणि आणखी काही न विचारता त्यांच्या ओंजळीत लसूण घातला.

त्यानंतर माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. बाई निवृत्त झाल्या. त्यांनी जुन्नर सोडलं नाही, एवढं कानावर होतं. दोनेक वर्षांनी आईला बघायला कळंबला निघाले होते, तर मंचरच्या स्टँडवर बाई दिसल्या. केस पिकलेले, पाठ थोडी वाकलेली, हातात पिशवी, पिशवीत बिस्किटांचे पुडे आणि चहाची पावडर. निरगुडसरच्या गाडीची वाट बघत होत्या.

"अजून जाता?" मी विचारलं.

"दर रविवारी."

"मावशींना आठवलं का काही?"

"नाही. आता तर काहीच आठवत नाही त्यांना. स्वतःच्या मुलांची नावंसुद्धा नाही." बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला भास्कररावांची बायको समजतात. मी पोचले की म्हणतात, आलीस का, भास्कर मागनं येतोय ना? त्याचं ताट करून ठेव, भुकेला असंल."

"मग तुम्ही काय करता, बाई?"

"करून ठेवते," बाई म्हणाल्या.

गाडी लागली. गर्दी होती. बाई पिशवी पोटाशी धरून चढल्या, आणि आतल्या माणसांत दिसेनाशा झाल्या.